भल्या मालकाच्या घरातली घंटा

इंग्लंडमधल्या घरविक्रीच्या जाहिरातीत ‘ओल्ड रेक्टरी’ किंवा ‘ओल्ड व्हिकरेज’ असं नाव दिसलं की घर महाग असणार हे धरूनच चालायचं. गावच्या चर्चच्या पाद्र्यासाठी बांधलेली ही घरं. प्रशस्त, जुन्या झाडांच्या सावलीत, चर्चपासून हाकेच्या अंतरावर. विसाव्या शतकात चर्च ऑफ इंग्लंडने त्यातली बरीचशी विकून टाकली आणि पाद्र्यांना लहान, हिवाळ्यात उबदार ठेवायला परवडतील अशी घरं दिली. जुनी घरं गेली शहरात पैसा कमावून आलेल्यांकडे. जाहिरातीत फायरप्लेस आणि खिडक्यांच्या लाकडी झडपांच्या जोडीला आवर्जून आणखी एका गोष्टीचा उल्लेख असतो, ती म्हणजे स्वयंपाकघराजवळच्या बोळात लावलेली नोकरांच्या घंटांची फळी. ज्यांच्याकडे मूळची उरलेली नाही ते जुनी दिसणारी नवी फळी विकत आणून लावतात.

फळी दिसते छान, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती फळीसोबत फुकटात मिळणाऱ्या गोष्टीबद्दल. सरदार-उमरावांच्या वाड्यांत नोकरांचे हाल होत असतील, पण पाद्र्याच्या घरची गोष्ट वेगळी, असं ही गोष्ट सांगते. तिथे देवाधर्माचं वातावरण, मालकीण आईसारखी, मुली घरच्यासारख्या राहायच्या, वगैरे. यातलं बरंचसं खोटं नाही, आणि म्हणूनच ही घरं मला महत्त्वाची वाटतात. दुष्ट मालकाच्या घरातून काही सिद्ध होत नाही. तो दुष्ट होता एवढंच कळतं. घरकामाला कायदा हवा की मालकाचा चांगुलपणा पुरेसा आहे, या प्रश्नाची खरी परीक्षा भल्या माणसांच्या घरातच होते. आणि व्हिक्टोरियन पाद्र्यांच्या घरांत चांगुलपणा त्या परीक्षेत नापास झाला, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे.

आधी ती घंटा चालायची कशी ते पाहू. दिवाणखान्यात शेकोटीच्या बाजूला एक मूठ किंवा भरतकामाचा लांब पट्टा असे. तो ओढला की भिंतीच्या आतून नेलेली तांब्याची तार ताणली जाई. जिथे वळण घ्यायचं तिथे खिळीवर फिरणारा छोटा काटकोनी तुकडा बसवलेला असे, तो ओढ एका तारेकडून पुढच्या तारेकडे देई. अशी दोन-चार वळणं घेत तार मागच्या बोळात पोचे. तिथे फळीवर, गुंडाळलेल्या पोलादी स्प्रिंगच्या टोकाला, घंटा. घंटांचे आकार वेगळे, त्यामुळे आवाजही वेगळे. मुरलेली मोलकरीण कानानेच ओळखे. हात पिठात असतील आणि आवाज नीट ऐकू आला नसेल तर त्याचीही सोय होती. घंटेला एक लोलक जोडलेला असे आणि आवाज थांबल्यावरही तो बराच वेळ डोलत राही, म्हणजे मान वर करून पाहिलं की कुठली घंटा ते कळावं. खाली खोल्यांची नावं रंगवलेली असत. दिवाणखाना, जेवणघर, अभ्यासिका, पाहुण्यांची खोली. या तारा ओढून देणं हा स्वतंत्र कारागिरांचा धंदा होता. पुढे विजेच्या घंटा आल्या. १८६६ साली लेक्लांशेने बनवलेल्या बॅटरीने त्या घरोघरी शक्य केल्या. मग तारा ओढायच्या जागी बटण आलं.

या सगळ्या चातुर्यात एक त्रुटी होती आणि ती मालकाला कधी जाणवत नसे. घंटा फक्त ‘ये’ म्हणते, कशाला ये ते सांगत नाही. मुलगी तळघरातल्या किंवा मागच्या स्वयंपाकघरातून जिना चढून वर जाते, तेव्हा कळतं की शेकोटीत कोळसा हवाय. ती खाली जाते, कोळशाची बादली भरते, पुन्हा वर येते. म्हणजे एका कामाला दोन चढ. गरम पाण्याचंही तेच, चहाचंही तेच. नळ आणि वरच्या मजल्यावरचं न्हाणीघर येण्याआधी प्रत्येक झोपायच्या खोलीत पाणी वर न्यावं लागे आणि वापरलेलं खाली आणावं लागे, रात्रीची भांडीसुद्धा. मोठ्या वाड्यांत बोलायच्या नळ्या बसवल्या गेल्या, त्यांच्यामुळे निदान निरोप तरी पोचे. बेताच्या उत्पन्नाच्या घरात घंटेवर भागवलं जाई, कारण जास्तीचा चढ ज्या पायांना पडायचा ते पाय वर्षाच्या पगारात आधीच विकत घेतलेले होते.

१८६४ साली रॉबर्ट कर नावाच्या वास्तुरचनाकाराने सभ्य गृहस्थाचं घर कसं असावं याचे नियम सांगितले. कुटुंब हा एक समुदाय आणि नोकर हा दुसरा. एका छपराखाली राहताना एकमेकांबद्दल कितीही आदर आणि विश्वास असला तरी प्रत्येकाला दुसऱ्यासमोर दार लावून एकटं राहण्याचा हक्क आहे, असं तो म्हणतो. वाचायला किती समतोल वाटतं! दोघांनाही दार, दोघांनाही एकांत. पण दाराच्या वरून जी तार गेली आहे ती एकाच बाजूने ओढता येते. स्वयंपाकघरात अशी कुठलीही मूठ नव्हती जी ओढली की दिवाणखान्यातलं माणूस उठून यावं. कर महाशयांच्या नियमातला हक्क वरच्या समुदायाला होता. खालच्या समुदायाला पुढची घंटा वाजेपर्यंतची सवड होती.

आता पाद्र्यांच्या घरांकडे वळू. १७७६ च्या एका कायद्याने पाद्र्यांना आपल्या पुढच्या उत्पन्नावर कर्ज काढून घर बांधायची सोय झाली. १८३८ च्या कायद्याने एकाहून जास्त ठिकाणची उत्पन्नं लाटण्यावर बंधनं आणली आणि पाद्र्याने आपल्या गावातच राहावं असा आग्रह धरला. त्यामुळे व्हिक्टोरिया राणीच्या काळात गावोगाव नवी व्हिकरेजं उभी राहिली. पाद्री हा गावातला ‘जंटलमन’ असलाच पाहिजे ही अपेक्षा, आणि जंटलमनच्या घरी दार उघडायला मालकीण स्वतः येत नाही. उत्पन्न मात्र गावागणिक वेगळं. कुणाला वर्षाला हजार पौंड, कुणाला शंभर. १८६१ सालच्या एका गाजलेल्या गृहव्यवस्थापनाच्या ग्रंथात उत्पन्नाप्रमाणे नोकर किती ठेवावेत याचं कोष्टकच आहे. हजार पौंडवाल्याने स्वयंपाकीण, दोन घरकामाच्या मुली, मुलं सांभाळणारी आणि एक पुरुष नोकर ठेवावा. दीडशे-दोनशे पौंडवाल्याने सगळी कामं करणारी एक मुलगी ठेवावी, आणि अधूनमधून मदतीला आणखी एक पोर. याच ग्रंथाने कबूल केलंय की या एकट्या मुलीचं आयुष्य एकाकी आणि काम कधी न संपणारं असतं. पुरुष नोकरांवर १७७७ पासून कर होता आणि त्यांचा पगारही जास्त, म्हणून साध्या व्हिकरेजमध्ये कामाला बहुतेक बायकाच. १८९१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये तेरा लाखांहून जास्त स्त्रिया घरकामात होत्या. टीव्हीवरच्या मालिका पाहून आपल्याला वाटतं की त्या सगळ्या पन्नास नोकरांच्या वाड्यात, बटलरच्या हाताखाली रांगेत उभ्या असायच्या. पुष्कळ जणी अशा घरात होत्या जिथे त्या एकट्या होत्या, फार तर दोघी.

पाद्र्याच्या घरी एक जास्तीची गोष्ट होती. इथे मालक आणि देव यांच्यातलं अंतर कमी होतं. चर्चच्या प्रार्थनापुस्तकातल्या प्रश्नोत्तरांत मुलांकडून घोकून घेतलं जाई की मी माझ्याहून श्रेष्ठ असलेल्या सर्वांशी नम्रतेने आणि आदराने वागेन, आणि देव मला ज्या स्थितीत बोलावेल त्या स्थितीत माझं कर्तव्य करेन. रविवारच्या शाळेत हे शिकवायला बहुधा पाद्रीणबाई किंवा तिची मुलगी असे. त्याच वर्गातली चुणचुणीत पोर बारा-तेरा वर्षांची झाली की व्हिकरेजमध्ये कामाला यायची. सकाळी घरातली सामूहिक प्रार्थना. कुटुंब खुर्च्यांवर, नोकर मागच्या बाकावर. वाचणारा तोच जो महिनाअखेरीस किंवा वर्षाअखेरीस पगार देणार. ज्या माणसाकडे मन मोकळं करायला जावं तोच माणूस पगार कापू शकतो, अशी ही रचना. गिरणीतल्या मुलीला मुकादमाविरुद्ध निदान पाद्र्याकडे तरी जाता येत होतं. पाद्र्याच्या मोलकरणीने कुणाकडे जायचं?

शिवाय ‘कॅरेक्टर’ नावाचा कागद होता. म्हणजे आधीच्या मालकाने दिलेलं चारित्र्याचं प्रशस्तिपत्र. ते असल्याशिवाय चांगल्या घरी काम मिळत नसे. खोटं प्रशस्तिपत्र देणं १७९२ च्या कायद्याने गुन्हा होता, पण खरं प्रशस्तिपत्र देणं मात्र मालकावर बंधनकारक नव्हतं. दहा वर्षं राबून निघालेल्या मुलीला मालकिणीने ‘नाही देत’ म्हटलं तर संपलं. १८७५ साली चर्चच्या आश्रयाने ‘गर्ल्स फ्रेंडली सोसायटी’ निघाली, घरापासून लांब नोकरी करणाऱ्या मुलींना आधार द्यायला. तिने वसतिगृहं चालवली, आजारी मुलींची सोय केली, हे चांगलंच. पण तिथेही वरच्या थरातल्या बायका ‘असोसिएट’ आणि कामकरी मुली ‘मेंबर’, आणि मेंबर व्हायला शीलाची अट. कामाच्या तासांबद्दल तिथे कुणी मालकिणींशी भांडणार नव्हतं, कारण असोसिएट म्हणजेच मालकिणी.

इथपर्यंत कुणी म्हणेल, हे सगळं रचनेबद्दल झालं. प्रत्यक्ष माणसं कशी होती ते बोला. तर मग यॉर्कशरमधलं हॉवर्थ घेऊ. पॅट्रिक ब्राँटे १८२० पासून १८६१ पर्यंत तिथे पाद्री होते. पुढे कादंबरीकार म्हणून नाव कमावलेल्या शार्लट, एमिली आणि ॲन या त्यांच्या लेकी. उत्पन्न वर्षाला दोनशे पौंडांच्या आसपास. यांच्या घरी मोलकरणीला जे प्रेम मिळालं तसं फार थोड्या घरांत मिळालं असेल. टॅबिथा एक्रॉइड, म्हणजे सगळ्यांची टॅबी, पन्नाशी उलटल्यावर तिथे कामाला आली. स्वयंपाकघरात मुली तिच्याभोवती गोळा व्हायच्या. एमिलीच्या १८३४ च्या एका टिपणात टॅबी ॲनला बटाटे सोलायला हाक मारते, तीही अस्सल यॉर्कशरी उच्चारात. १८३६ च्या डिसेंबरात टॅबी बर्फावरून घसरली आणि तिचा पाय मोडला. घर सांभाळणाऱ्या मावशीचा हिशेब व्यवहाराचा होता. टॅबीला तिच्या बहिणीकडे पाठवावं, आपल्याकडे हात अपुरे आहेत. तिन्ही बहिणींनी विरोध केला. आम्ही तिची सेवा करू, कामंही करू, म्हणाल्या. ऐकलं नाही तेव्हा त्यांनी जेवण सोडलं. चहाचं ताट तसंच परत गेलं. शेवटी मावशीने हार मानली आणि टॅबी राहिली.

तीन वर्षांनी पाय फारच त्रास देऊ लागला तेव्हा टॅबी आपल्या बहिणीकडे राहायला गेली, स्वतःच्या साठवलेल्या पैशातून घेतलेल्या छोट्या घरात. त्या दिवसांत शार्लटने इस्त्री करताना कपडे जाळले आणि मावशी भडकली, असं तिनेच पत्रात लिहून ठेवलंय. काही वर्षांनी टॅबी परत आली. म्हातारपणी तिला दिसेनासं झालं, बटाट्याचे डोळे तसेच राहू लागले. शार्लट तेव्हा नामवंत लेखिका झाली होती. ती हातातलं लिखाण ठेवून हळूच स्वयंपाकघरात जायची, टॅबीला कळू न देता भांडं उचलायची, डोळे काढायची आणि भांडं जागच्या जागी ठेवायची. तिच्या पहिल्याच चरित्रात हे आलं आहे. मला ही गोष्ट मनापासून आवडते.

पण मग त्याच घरातली नॅन्सी गार्स आठवते. ब्रॅडफर्डच्या गरीब मुलींना काम शिकवणाऱ्या शाळेतून ती १८१६ साली ब्राँटेंकडे आली, जेमतेम तेरा वर्षांची. पाठोपाठ तिची बहीण सॅरा आली. मुलांची आई आजारी पडली, गेली, त्या सगळ्या काळात घर या दोन पोरींच्या अंगावर होतं. १८५७ साली शार्लटचं चरित्र छापून आलं आणि त्यात त्या काळच्या नोकरांवर उधळेपणाचा ठपका बसला. नॅन्सी आणि सॅरासाठी म्हाताऱ्या पॅट्रिकनी स्वतःच्या हाताने दाखला लिहून दिला. या दोघी माझ्या मुलांशी प्रेमाने वागल्या, प्रामाणिक होत्या, उधळ्या नव्हत्या, खाण्यापिण्याच्या जिनसांत पुरेशा काटकसरी होत्या, असं त्यात आहे. भला माणूस होता हे मान्यच करायला हवं. ऐंशीच्या वयात कोण इतकं करतं? १८८६ साली नॅन्सी वारली ती ब्रॅडफर्डच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांसाठीच्या सरकारी आश्रयगृहात. तोवर ब्राँटे हे नाव सगळीकडे पोचलं होतं.

टॅबीचं म्हातारपण निभावलं कारण तीन मुली तिच्यासाठी उपाशी राहायला तयार होत्या. नॅन्सीचं निभावलं नाही कारण तोवर त्या घरातलं कुणी उरलंच नव्हतं. दोघींनाही मालक तोच मिळाला होता, तितकाच भला. दोघींमधलं अंतर नशिबाचं होतं. मोडलेला पाय बरा होईपर्यंत कामावर राहता येणं हे जर कुणाच्या उपोषणावर अवलंबून असेल, तर त्याला जिव्हाळा जरूर म्हणा; सुरक्षितता म्हणू नका.

यावर ठरलेलं उत्तर येतं की आजच्या मापाने कालच्या माणसांना मोजू नये. एरवी मी हे उत्तर मानतो. इथे मानत नाही, कारण हे माप त्यांच्याच काळातलं, त्यांच्याच जिल्ह्यातलं आणि त्यांच्याच धंद्यातलं आहे. हॉवर्थपासून फार लांब नसलेल्या बायर्ली गावचा पाद्री जॉर्ज बुल हा गिरण्यांतल्या मुलांसाठी दहा तासांच्या दिवसाची मागणी करणाऱ्या चळवळीचा खंदा वक्ता होता. १८४७ साली कापडगिरण्यांतल्या स्त्रिया आणि किशोरांसाठी दहा तासांचा कायदा झाला. खुद्द पॅट्रिक ब्राँटेंनी गावाच्या पाण्यासाठी आणि गटारांसाठी सरकारकडे पिच्छा पुरवला. १८५० साली बॅबेज नावाचा निरीक्षक आला, त्याने गावातल्या मृत्यूंचं सरासरी वय २५.८ वर्षं निघतं असं अहवालात लिहिलं. म्हणजे श्रमाला तास असावेत, गरिबाच्या जिवाला सरकारी नियमांनी राखावं, हे या मंडळींना चांगलं कळत होतं. फक्त तो विचार मागच्या दाराने आपल्या स्वयंपाकघरात कधी शिरला नाही. गिरणीची घंटा दहा तासांनी थांबली. बोळातली घंटा पहाटे शेकोट्या पेटवण्यापासून रात्री दारं लावेपर्यंत मोकळी होती. सुट्टी म्हणजे आठवड्यातली एखादी दुपार आणि एक आड एक रविवार, तीही मालकिणीच्या मर्जीवर. काही पाद्र्यांच्या घरी रविवारी थंड जेवण असे, मुलींना चर्चला जाता यावं म्हणून. चांगलंच आहे, पण ती सवड देवासाठी दिलेली होती, त्यांच्या पाठीसाठी नव्हती.

हा विचार आत का शिरला नाही? दुष्टपणामुळे नव्हे. मालकाला खरोखर वाटत होतं की आपल्या घरी त्याची गरज नाही. गिरणीमालक परका, लोभी. मी तर बापासारखा. ज्याला स्वतःच्या चांगुलपणाबद्दल शंका असते तो एखादा नियम लिहूनही ठेवेल, खात्री असलेला कशाला लिहील? चांगुलपणाने कायद्याची वाट अडवली ती अशी.

१९११ साली ब्रिटनचा तेव्हाचा अर्थमंत्री लॉइड जॉर्ज याच्या आरोग्यविमा कायद्यात घरकामगारांचा समावेश झाला तेव्हा हे अगदी उघडं पडलं. आठवड्याला तीन पेनी मुलीने, तीन पेनी मालकाने भरायचे आणि कार्डावर तिकिटं चिकटवायची. एवढ्यासाठी मालकिणींनी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये निषेधसभा भरवली. तक्रार पैशांची नव्हती म्हणे. मालकीण आणि मोलकरीण यांच्यातल्या सुंदर नात्यात सरकारने तिकीट घुसवलं ही होती. काही मोलकरणींनाही पगारातली कपात नको होती, हेही खरं. पण ते नातं पुढच्या काही वर्षांत विरळ झालं ते तिकिटांमुळे नाही. महायुद्धात बायकांना कारखान्यांत, कचेऱ्यांत, बसमध्ये काम मिळालं. ठरलेले तास, संध्याकाळ स्वतःची. पर्याय दिसताच पुष्कळ मुलींनी सुंदर नात्याकडे पाठ फिरवली. नोकरांवाचून ती अवाढव्य व्हिकरेजं पाद्र्यांना पेलेनात, आणि चर्चने ती विकायला काढण्यामागे हेही एक मोठं कारण होतं. जाहिरातींत त्या फळीचं कौतुक होतं, ती वाजवल्यावर येणारं कुणी राहिलं नाही म्हणून घर विकलं गेलं हे मात्र त्यात नसतं.

हिंदुस्थानात आलेल्या साहेबांना भिंतीत तारा ओढायची गरजच पडली नाही. व्हरांड्यात माणसं बसलेलीच असत, ‘कोई है?’ अशी हाक पुरे. बंगालमधल्या इंग्रजांना त्यावरून टोपणनावही पडलं होतं. साहेब गेले. हाक आणि तिच्यासोबतचा युक्तिवाद आपण ठेवून घेतला. पुण्या-मुंबईच्या कुठल्याही सोसायटीत घरकामाला येणाऱ्या ताईंच्या साप्ताहिक सुट्टीचा विषय काढून बघा. ‘आम्ही त्यांना घरच्यासारखंच वागवतो हो, त्यांच्या मुलीच्या फीचे पैसे आम्हीच दिले.’ दिले असतील. ब्राँटेंनीही टॅबीला ठेवून घेतलं होतं. महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, तो देशातल्या सुरुवातीच्या अशा कायद्यांपैकी एक. त्यात नोंदणी आहे, अपघात, बाळंतपण, मुलांचं शिक्षण, अंत्यविधी यांसाठी मदतीची तरतूद आहे. पण तो कल्याणाचा कायदा आहे. दिवसाचे तास किती, आठवड्याची सुट्टी कुठली, काढून टाकायचं तर किती दिवस आधी सांगायचं, हे तो ठरवत नाही. घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २०११ मध्ये झाला, भारताने बाजूने मत दिलं आणि अजून तो स्वीकारलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला समिती नेमून घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला सांगितलं. त्याच वर्षी मुंबईत पंधरा मिनिटांत घरकामाला बाई पाठवणारी सेवा ॲपवर सुरू झाली. त्या बटणाला निदान ‘कशाला ये’ हे सांगता येतं, एवढी प्रगती आहे.

कायदा आला तर जिव्हाळा जाईल, ही भीती मला कधी कळलीच नाही. दहा तासांच्या कायद्यानंतर गिरणीतला कुणी मुकादम एखाद्या पोरीशी चांगलं वागायचा थांबला असेल असं वाटत नाही. टॅबीला आजारपणाची पगारी रजा असती तरी शार्लटने बटाट्याचे डोळे काढलेच असते. फरक नॅन्सीला पडला असता. आपल्याकडे असा कायद्याचा मसुदा कधी होईल तेव्हा मालकांच्या वतीने पहिली हरकत ‘आमच्या घरी तसं नाही’ हीच असणार आहे, आणि ती घेणारे बहुतेक जण खरं बोलत असतील. मसुदा करणाऱ्यांनी ती ऐकून घ्यावी, नोंदवावी, आणि तास, सुट्टी आणि नोटिशीची मुदत ही तीन कलमं तरीही लिहावीत.